थापडेचा मान

इंझोरीपासून बैलगाडीच्या रस्त्याने आत गेलं की एक लहान गाव लागतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण यातली माणसं अजून तिथे राहतात आणि त्यांना या गोष्टीचा पुरेसा त्रास होऊन गेलेला आहे. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. या गावच्या शाळेत चौथीचा वर्ग जगदेवराव गावंडे गुरुजींकडे होता, आणि त्या वर्गात छडी नव्हती.

छडी नाही हे गुरुजी स्वतःच सगळ्यांना सांगत. बाजारात सांगत, लग्नाच्या पंगतीत सांगत. "बाकीचे मास्तर पोट्ट्याइले झोडपतात, मी अंगाले हात लावत नाई," असं म्हणून समोरच्याच्या तोंडाकडे बघत. ते खोटं बोलत नसत. गुरुजी खरंच कुणाला हात लावत नसत, कारण ते काम त्यांनी मुलांनाच वाटून दिलेलं होतं.

पद्धत अशी होती. गुरुजी तोंडी प्रश्न विचारत. ज्याला येई तो हात वर करी, उत्तर देई, आणि मग ज्यांना आलं नाही त्यांच्यासमोरून चालत जाई. प्रत्येकाचं डाव्या हाताने नाक धरायचं आणि उजव्या हाताने गालावर एक थापड द्यायची. ही काही गुरुजींची अक्कल नव्हती. त्यांच्या लहानपणी त्यांनीही अशा थापडा खाल्ल्या होत्या, थोड्या दिल्याही होत्या, आणि दिलेल्याच तेवढ्या त्यांच्या लक्षात राहिल्या होत्या. त्यांनी भर घातली ती फक्त नावाची. ते याला 'थापडेचा मान' म्हणत. ज्याला उत्तर आलं त्याचा हा मान.

त्या वर्षी भाऊसिंग चव्हाण नावाचे नवे विस्तार अधिकारी आले. मूळ बंजारा तांड्यावरचे, शिकून साहेब झालेले, अंगावर कायम इस्त्रीचा बुशशर्ट. त्यांनी वाशीमला शिक्षकांची सभा घेतली आणि कृतिसंशोधन हा शब्द फळ्यावर लिहिला. म्हणजे काय, तर आपल्याच वर्गातली एक अडचण घ्यायची, तिचं कारण शोधायचं, त्यावर उपाय करून बघायचा, फरक पडला की नाही ते प्रामाणिकपणे तपासायचं आणि सगळं लिहून बाकीच्या शिक्षकांपुढे वाचायचं. नोकरीत शिक्षक म्हातारा होतो, पण वाढतो तो असा, असं साहेब म्हणाले.

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "मतदारयाद्या आमी कराच्या, ढोरंबी आमीच मोजाची, आता संशोधनबी आमीच करा." सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांना या गोष्टीत स्वतःचा फायदा दिसला होता. ज्याचं संशोधन चांगलं त्याला वाशीमला सगळ्यांसमोर उभं राहून वाचायला मिळणार होतं.

"एक ध्यानात ठेवा," साहेब शेवटी म्हणाले, "कारण शोधताना आधी स्वतःला उभं करा, पोराला नंतर." हे वाक्य गुरुजींना फार आवडलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पान उलटलं.

अडचण शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. वर्गात भिंतीकडची एक रांग होती. त्या रांगेत बौद्धपुऱ्यातली मुलं बसत. त्यांना तिथे कुणी बसवलेलं नव्हतं, ती आपणच तिथे बसत. गुरुजी स्वतःला सुधारक समजत. त्यांच्या पाट्या ते हातात घेत, पाण्याला कुणाला वेगळं काढत नसत, आणि हेही ते लग्नाच्या पंगतीत सांगत. तर ही भिंतीकडची रांग तोंडी प्रश्नाला कधीच हात वर करत नसे. लेखी परीक्षेत मात्र हीच मुलं बऱ्यापैकी पास होत. भागिरथा नावाची एक मुलगी तर लेखीत पहिली येई. पुंजाजी आणि केशरबाई इंगोले या मजुरी करणाऱ्या जोडप्याची ती मुलगी. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे पोरीला इंझोरीच्या शाळेत घालायचं असं पुंजाजीने ठरवून टाकलं होतं. पुऱ्यातली एकही मुलगी तोवर चौथीपुढे गेली नव्हती. तेव्हा भागिरथाचं पाचवीला जाणं ही त्या घरातली त्या वर्षीची सगळ्यात मोठी गोष्ट होती.

तोंडी प्रश्नाला ही भागिरथा खाली मान घालून उभी राही. थापड मात्र फार सहज खाई. तिची पाळी आली की आपणच नाक पुढे करी, डोळे मिटी, आणि थापड बसली की लगेच खाली बसून पाटी पुसायला लागे.

गुरुजींनी कारणं काढली. घरात बोलायला कुणी नाही. आईबाप दिवसभर वावरात. संकोच. न्यूनगंड. शब्दसंपत्ती कमी. सगळी कारणं पोरांच्या अंगात नाहीतर त्यांच्या घरात सापडली. वर्गात एकही सापडलं नाही.

मग उपाय सुरू झाले. भागिरथाला पुढच्या रांगेत आणलं. तिच्याकडून गोष्ट सांगून घेतली, ती तिने छान सांगितली. कविता म्हणून घेतली, तीही म्हटली. पण तोंडी प्रश्न आला की पुन्हा मान खाली आणि नाक पुढे. गुरुजी वैतागले. यांच्यासाठी एवढं करा आणि ही अशी, असं त्यांच्या मनात आलं. मनात आलेलं त्यांनी दाबलंही नाही.

दिवाळीनंतर त्यांचा घसा बसला. बोलवेना, म्हणून त्यांनी प्रश्न फळ्यावर लिहिले आणि मुलांना उत्तरं पाटीवर लिहून पाट्या पालथ्या ठेवायला सांगितल्या. रांगांतून फिरून एकेक पाटी उलटून पाहिली. भिंतीकडच्या सगळ्या पाट्यांवर उत्तरं होती, आणि बहुतेक बरोबर होती.

घसा बसलेला नसता तर गुरुजी आनंदाने ओरडलेच असते. म्हणजे यांना येतं! फक्त बोलायचा धीर नाही. तो धीर एकदा जबरदस्तीने दिला की काम झालं. पाण्यात ढकलल्यावर पोरगं पोहायला शिकतं, तसंच हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मुहूर्तही त्यांनी ठरवला. साहेब शाळा बघायला येणार होते तो दिवस.

भाऊसिंग साहेब आले, खुर्चीवर बसले. शाळेने हार घातला. गुरुजींनी कापसाचं एक गणित घातलं. बारा क्विंटलमधून साडेचार विकला, उरला किती. मुलांनी पाट्यांवर लिहिलं. गुरुजी फिरले, आणि भागिरथाची पाटी उचलून सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"साडेसात! बघा साहेब. या मुलीनं आजवर वर्गात एका प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. शाब्बास भागिरथा. आता तुझा मान."

भागिरथा उठली, पण जागची हलली नाही. गुरुजींनी ज्यांचं चुकलं होतं त्यांना ओळीत उभं केलं. त्यात प्रल्हाद होता. बबनराव देशमुखांचा धाकटा. गावातली निम्मी जमीन त्यांची आणि पुंजाजी-केशरबाई त्यांच्याच वावरात कामाला.

"जा," गुरुजी म्हणाले.

ती गेली. पहिल्या दोघा-तिघांच्या गालांना तिने नुसता हात लावला. प्रल्हादसमोर आल्यावर तिचा हात वर होईना. प्रल्हाद बिचारा नऊ-दहा वर्षांचं पोर, त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने रोजच्यासारखं नाक पुढे केलं आणि हळूच म्हणाला, "मार नं भागी, मंग बसता येते."

तरी तिचा हात वर होईना. साहेब बघत होते. गुरुजींना वाटलं, हाच तो क्षण. इथे समता आणि संशोधन दोन्ही एकदम दाखवता येईल.

"घाबरू नको. या वर्गात सगळे सारखे," असं म्हणत ते पुढे झाले, भागिरथाचं उजवं मनगट त्यांनी आपल्या मुठीत धरलं आणि तिचा हात प्रल्हादच्या गालावर मारला.

आवाज मोठा झाला. हात तिचा होता, पण जोर मोठ्या माणसाचा होता. वर्ग हसला. प्रल्हादही आधी हसला, मग सगळे आपल्याला हसताहेत हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला आणि तो रडायला लागला. भागिरथा रडली नाही. गुरुजींनी मनगट सोडल्यावर तिने तो हात फ्रॉकला पुसला. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि जाताना शेऱ्याच्या वहीत 'उपक्रम स्तुत्य' असं लिहिलं. गुरुजी त्या दिवशी घरी गाणं गुणगुणत गेले.

दुसऱ्या दिवशी भागिरथा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुजींनी बाकीच्यांवर पाटीचा प्रयोग चालू ठेवला. त्यांनी प्रश्न घातला, फिरायला लागले, भिंतीकडे आले आणि थांबले. पालथ्या पाट्या एकेक करून उलटल्या. सगळ्या कोऱ्या होत्या. कुणी एक रेघही ओढली नव्हती. मुलं खाली बघत होती, आणि पहिल्या मुलाने विचारायच्या आधीच नाक पुढे केलं.

संशोधनात यालाच निष्कर्ष म्हणतात, पण गुरुजींना तो वाचता आला नाही. त्यांना राग आला. संध्याकाळी ते तणतणत बौद्धपुऱ्यात गेले.

केशरबाई अंगणात गाठोडं बांधत होत्या. गुरुजींना बघून त्या चटकन उठल्या, पदर सावरला. भागिरथा दारात उभी होती, ती आत सरकली.

"माफ करा गुरुजी," केशरबाई आधीच म्हणाल्या. "पोट्टीच्या हातून चूक झाली."

"चूक कायची? उत्तर बरोबर होतं तिचं."

"नाई जी. चुकून आलं असन. ठोंबी हाये थे. तिले काई येत नाई."

"केशरबाई, लेखीत तिचा पहिला नंबर आहे!"

केशरबाईंनी रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हळू बोला गुरुजी. मी पाया पडतो तुमच्या. तिचं नाव तुमी ढ पोट्ट्याइत टाका. पास करा, पन तिले येते असं कोनाले सांगू नका."

गुरुजींना कळेना. आई स्वतःच्या हुशार पोरीला ढ ठरवा म्हणून विनवतेय, असं त्यांनी नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. "काहून?" त्यांनी विचारलं.

मग केशरबाईंनी सांगितलं. रागाने नाही. वेचणीला किती दिवस लागतात हे सांगावं तसं सांगितलं. थापडेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बबनरावांच्या वावरात कापूस वेचायला गेल्या, तर बबनरावांच्या बायकोने, कस्तुराबाईंनी, धुऱ्यावरूनच, बांधाच्या आत पाऊल टाकू न देता, परत पाठवलं. पुंजाजीलाही कामावरून काढलं. आता धनजला बहिणीकडे जायचं, तिकडे वेचणी आहे. पोरीलाही न्यायचं. इथे एकटी कुणाजवळ ठेवणार.

"अन् हे काई पयल्यांदा नाई, गुरुजी. आमचा जानराव होता नं तुमच्या वर्गात?"

गुरुजींना जानराव आठवला. भागिरथाचा मोठा भाऊ. हुशार होता. त्याला उत्तर येई आणि तो ठणकावून देई. गुरुजी त्याला पुढे घालून कौतुकाने म्हणत, घे, घे तुझा मान.

"त्यानं बबनरावच्या पुतन्याले मारली थापड. तुमीच सांगतलं होतं म्हून मारली. रात्री आमच्या याइले बलावलं अन् पारावर सगळ्याइपुढं हात जोडाले लावले. पोट्ट्यानं बापाले हात जोडताना पाह्यलं. थो मंग शाळेत गेलाच नाई. तवापासून पुऱ्यातल्या सगळ्या पोट्ट्याइले आमी सांगून ठेवलं हाये, येत असलं तरी येत नाई म्हना. थापड खाल्ली त काई नाई होत, गुरुजी. मारली त होते."

 जानरावने शाळा सोडली तेव्हा कारणाच्या रकान्यात आपण काय भरलं होतं ते गुरुजींना आठवलं. 'पालकांची अनास्था.' सुंदर अक्षरात भरलं होतं. 

"भागिरथा," त्यांनी दाराकडे बघत हाक मारली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. "पोरी, तुला येतं हे मला माहीत आहे."

आतून आवाज आला, "मले काई येत नाई, गुरुजी."

आईने शिकवलेलं उत्तर ती न अडखळता म्हणाली. तोंडी प्रश्नाला तिने दिलेलं पहिलं उत्तर ते हेच.

गुरुजी तिथून सरळ बबनरावांच्या घरी गेले. रस्ताभर ते मनाशी वाक्यं जुळवत होते. मीच तिचा हात धरला, दोष माझा आहे, त्या माणसांना कामावर घ्या. ओसरीवर बबनराव सुपारी कातरत बसले होते. त्यांनी गुरुजींना मानाने वर बसवलं आणि आत चहा सांगितला.

"बबनराव, त्या दिवशी वर्गात जे झालं..." गुरुजींनी सुरुवात केली.

"सोडा हो गुरुजी. तुमच्यावर राग नाई आमचा. तुमी आमचेच," बबनराव म्हणाले. "साहेब आला होता. तुमाले दाखवा लागते, हे का आमाले समजत नाई?"

"पण हात मी धरला होता. पोरगी तर मारतच नव्हती."

चहा घेऊन आलेल्या कस्तुराबाई दाराशी थांबल्या. "थे आमाले प्रल्हादनं सांगतलं," त्या म्हणाल्या. "पोट्टी मारत नव्हती, तुमीच मारलं. पन हात तिचा होता नं, गुरुजी."

यावर बोलायला पुष्कळ होतं. गुरुजींना ते सगळं येतही होतं. त्यांनी मान खाली घातली, बशीत चहा ओतला आणि प्यायला. तो संपेपर्यंत बबनराव कापसाच्या भावाचं बोलत राहिले आणि गुरुजी हो ला हो म्हणत राहिले. बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उत्तर येत असून गप्प कसं बसायचं हे भागिरथाकडून त्यांनी चांगलं उचललं होतं. पण तिच्या गप्प राहण्यावर तिच्या आईबापांचं पोट चालत होतं. आपल्या गप्प राहण्यावर काय होतं? फुकटचा चहा. त्यांना स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थापडेचा मान बंद केला. वर्गाला सांगितलं, यापुढे कुणी कुणाला मारायचं नाही. मुलांनी विचारलं, मग आलं तर काय मिळेल?  गुरुजी म्हणाले, काही नाही, आलं म्हणजे आलं. भिंतीकडची रांग ऐकत होती. तिचा काही विश्वास बसलेला दिसला नाही.

थोड्याच दिवसांत वाशीमची सभा आली. भाऊसिंग साहेबांनी सगळ्यात आधी गावंडे गुरुजींना उभं केलं. त्यांनी आधी लिहिलेल्या कागदांत शेवट होता, 'उपाय यशस्वी'. ती पानं गुरुजींनी घरी ठेवली होती. ते हात बांधून उभे राहिले आणि सांगायला लागले. अडचण काय घेतली, कारणं कुठे कुठे शोधली, मनगट कसं धरलं, पाट्या कशा कोऱ्या झाल्या.

"कारण मी होतो," ते शेवटी म्हणाले. "बक्षीस म्हणून मी जे देत होतो तीच त्या पोरांची शिक्षा होती, आणि ती शिक्षा त्यांच्या आईबापांपर्यंत जात होती. माझ्यामुळे एक मुलगा शाळेतून गेला. आता बहुतेक त्याची बहीणही जाईल."

 मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. "वा गावंडे! याला म्हणतात आत्मपरीक्षण," एक हेडमास्तर म्हणाले. "हे छापून आलं पाहिजे." दुसऱ्याने शाल आणायची सूचना केली. गुरुजींना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. थापडेसाठी टाळ्या पडत होत्या. तिकडे केशरबाई परक्या वावरात पाठ वाकवून वेचत असतील आणि इकडे त्यांच्यावरून आपला सत्कार होतोय. "नको," ते म्हणाले. "शाल नको." लोकांना तो विनय वाटला. टाळ्या आणखी वाढल्या.

संध्याकाळी एसटी स्टँडवर भाऊसिंग साहेब त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.  मग सभेतली भाषा सोडून म्हणाले, "गावंडे, मीबी तिथंच बसलो होतो."

"हो."

"मी तांड्यावरचा. लहानपनी मलेबी उत्तरं येत होती. मीबी नाक पुढं करत होतो. त्या पोट्टीनं हात वर नाई केला, तवाच मले समजलं होतं सारं."

"मग काहून बोलले नाई तुमी?"

साहेबांनी बुशशर्टाची कॉलर सारखी केली. "साहेब झालो होतो," ते म्हणाले. एवढ्यात गाडी लागली आणि दोघं वेगवेगळ्या जागी जाऊन बसले.

त्यानंतरच्या रविवारी गुरुजी धनजला गेले. केशरबाईंची बहीण गावाबाहेर राहायची. पत्ता विचारत विचारत ते पोचले तेव्हा पुंजाजी घरीच होता. गुरुजींनी कामाचं काही कबूल केलं नाही, कारण ते त्यांच्या हातात नव्हतं, आणि खोटा दिलासा द्यायची आता हिंमत नव्हती. त्यांनी एवढंच सांगितलं की वर्गात थापड बंद आहे. उत्तर पाटीवर लिहायचं, मी एकटा बघेन, कुणाला आलं आणि कुणाला नाही हे वर्गात कुणाला कळणार नाही. आणि पाचवीला नाव घालायला इंझोरीला मी स्वतः बरोबर येईन.

"बबनरावसमोर बोलले का तुमी?" पुंजाजीने विचारलं.

"गेलो होतो. बोलता आलं नाई," गुरुजी म्हणाले.

पुंजाजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. कदाचित गुरुजी पहिल्यांदाच काहीतरी असं बोलले होते की ज्यावर विश्वास ठेवता येत होता. "पाहू," तो म्हणाला. "संक्रांतीनंतर वेचनी सरते. पाहू."

संक्रांत झाली. इंगोले गावात परत आले. बबनरावांनी कामावर घेतलं नाही ते नाहीच. पुंजाजी रोज पहाटे उठून इंझोरीकडे मजुरी शोधायला जायला लागला. आणि एका सकाळी भागिरथा शाळेत आली. पुढच्या रांगेकडे तिने बघितलंही नाही. भिंतीकडे जाऊन आपल्या जुन्या जागेवर बसली.

गुरुजींनी फळ्यावर एक भागाकार लिहिला. मुलांनी पाट्यांवर मांडला, पाट्या पालथ्या ठेवल्या. गुरुजी फिरायला निघाले. भिंतीकडच्या रांगेत काही पाट्यांवर आता थोडं थोडं उमटायला लागलं होतं. कुणी अर्धंच गणित लिहून ठेवी, कुणी उत्तर लिहून त्यावर अंगठा ठेवी. गुरुजी काही न बोलता पुढे जात. असे ते भागिरथासमोर आले.

तिची पाटी मांडीवर पालथी होती. ती उलटून बघायला गुरुजी वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. पाटीकडेच केला होता. पण तो हात येताना बघून भागिरथाने आपला उजवा हात झटकन मागे नेला. पाठीशी लपवला, आणि दुसऱ्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं. डोळे मिटले नाहीत. ती गुरुजींच्या हाताकडेच बघत होती.

गुरुजींचा हात तसाच राहिला. आयुष्यात आपण कधी कुणाला हात लावला नाही, असं ते इतकी वर्षं सांगत आले होते. आज एक लहान पोर त्यांच्या हाताला किती भिते ते त्यांना समोर दिसत होतं. शेजारी बसलेल्या मुलांनाही दिसत होतं. लाजेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायलाही हात हलवायची त्यांना भीती वाटली.

ते सरळ उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं, अगदी तिच्यासारखं. आणि तसेच थांबले.

 मग भागिरथाने डाव्या हाताने धरलेलं मनगट सोडलं आणि त्याच हाताने पाटी जराशी, त्यांना एकट्यांना दिसेल एवढीच तिरपी केली. भागाकार बरोबर होता, बाकीसुद्धा. गुरुजींनी मान हलवली. लगेच तिने तळहाताने पाटी पुसून टाकली आणि पुढचा प्रश्न यायची वाट बघत फळ्याकडे पाहू लागली.

तेव्हापासून गावंडे गुरुजी वर्गात हात पाठीमागे बांधूनच फिरत. भाऊसिंग साहेबांनी सभेत उभं केल्यापासून मास्तरच्या डोक्यात हवा गेली, आता साहेबासारखा चालतो, असं गावात लोक म्हणत. गुरुजींनी ते ऐकलं होतं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

जूनमध्ये ते भागिरथाचं नाव घालायला पुंजाजीबरोबर इंझोरीला गेले. तिथल्या मास्तरांनी पोरीला जवळ बोलावून विचारलं, "काय गं, हुशार आहेस का?"

भागिरथाने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग गुरुजींच्या हातांकडे. ते पाठीमागेच होते.

"मले काई येत नाई," ती म्हणाली.